होस्ट झोपला तरी जग चालू राहावं

प्रश्न : ताई, आम्ही सहा मित्र माइनक्राफ्टची जावा आवृत्ती खेळतो. आमचं जग एका मित्राच्या लॅपटॉपवर आहे. तो झोपायला गेला की सगळ्यांचा खेळ बंद. म्हणून मी घरात पडून असलेल्या डेस्कटॉपवर (८ जीबी रॅम, लिनक्स) डेडिकेटेड सर्व्हर (कोणी खेळत नसतानाही जग चालू ठेवणारा वेगळा प्रोग्रॅम) टाकला. पहिल्या वेळी तो चालू होताच बंद पडला, ते मी कसंबसं निस्तरलं. आता घरातून मला जोडता येतं, पण मित्रांना ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येतं. राउटरवर २५५६५ पोर्ट फॉरवर्ड केलंय, म्हणजे बाहेरून त्या क्रमांकावर येणारी हाक सर्व्हरकडे वळवलीय, तीनदा तपासलंय. शिवाय दोघं मित्र घरी आले असताना आम्ही तिघं तीन दिशांना गेलो की खेळ अडखळायचा, रॅम निम्मी रिकामी असूनही. आणखी रॅम घालू का?

उत्तर : रॅम घालू नका. आधी राउटरचं बघू.

राउटरच्या पानावर लॉगिन करा आणि ‘स्टेटस’ किंवा ‘वॅन’ या नावाखाली जो आयपी पत्ता दिसतो तो कागदावर लिहून घ्या. मग त्याच घरातल्या ब्राउझरमधून तुमचा बाहेरचा आयपी दाखवणारी एखादी साइट उघडा आणि दोन्ही पत्ते ताडून पाहा. ते सारखे नसतील, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही तीनदा काय, तीसदा पोर्ट फॉरवर्ड केलंत तरी मित्र आत येणार नाहीत. तुमची चूक कुठेच नाही. बहुतेक वेळा याचं कारण सीजीनॅट असतं. आयपीव्ही४चे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि ते कधीच पुरेनासे झाले. म्हणून इंटरनेट देणाऱ्या कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. या मधल्या जाळ्यासाठी १००.६४ची ती पट्टी २०१२मध्ये मुद्दाम राखून ठेवली गेली. तुम्ही तुमच्या घराचं दार उघडलंत, पण इमारतीचं फाटक तुमच्या हातात नाही. मित्राची हाक फाटकापर्यंत येते आणि ती कोणत्या घरासाठी आहे हे फाटकाला कळत नाही.

यातून बाहेर पडायला तीन वाटा आहेत. इंटरनेट कंपनीकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागा. बऱ्याच कंपन्या मागितल्यावर देतात. किंवा टेलस्केल, झीरोटियर यांच्यासारखं खाजगी जाळं सहाही जणांनी आपापल्या संगणकावर आणि सर्व्हरच्या डेस्कटॉपवरही बसवा. मग राउटरला हातच लावायला नको. एक ध्यानात असू द्या, टेलस्केल स्वतःसुद्धा १००.६४च्याच पट्टीतले पत्ते वाटतं. तो पत्ता पाहून सीजीनॅटचा घोळ पुन्हा झाला असं समजू नका. तिसरी वाट म्हणजे भाड्याचा सर्व्हर. सहा जणांच्या ओळखीच्या मंडळीसाठी मी नेहमी दुसरी वाट सुचवते. आत कोण येऊ शकतं याची यादी तिथे आपोआपच तयार असते आणि घराचा एकही दरवाजा जगासमोर उघडावा लागत नाही.

दोन्ही पत्ते सारखेच निघाले, तर मात्र दोष घरात आहे, आणि मग दोन गोष्टी पाहा. डेस्कटॉपला राउटरने मध्येच नवा पत्ता दिला असेल, म्हणजे तुम्ही पोर्ट वळवलंत १९२.१६८.१.५ कडे आणि सर्व्हर जाऊन बसलाय १९२.१६८.१.९ वर. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून त्याचा पत्ता कायमचा बांधून टाका. दुसरं, लिनक्सची स्वतःची फायरवॉल. तिच्यातही २५५६५ टीसीपी उघडावं लागतं. आणि चाचणी घरातून करू नका. स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर घरातून गेलेली हाक परत आत वळवणं कित्येक राउटरांना जमत नाही. मोबाइलचा वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर लॅपटॉप जोडा आणि मग बघा.

आता अडखळण्याचं. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिक मोजतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. त्या वेळात सगळे प्राणी हलले पाहिजेत, पाणी वाहिलं पाहिजे, रेडस्टोनची (खेळातल्या विजेची) यंत्रं चालली पाहिजेत. यातलं बहुतेक काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर (कोअरवर), एकामागून एक होतं. ते ५० मिलिसेकंदांत उरकेना आणि सर्व्हर मागे मागे पडत गेला की लॉगमध्ये ‘कान्ट कीप अप’ अशी ओळ येते आणि तुम्ही फोडलेला दगड क्षणभर परत जागेवर दिसतो. रॅम रिकामी असो की भरलेली, गाभ्याचा वेग काही वाढत नाही.

गाभ्यावरचा भार मात्र तुमच्या हातात आहे. सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज या फाइलमध्ये व्ह्यू-डिस्टन्स मुळात १० असतो. म्हणजे खेळाडूच्या चहूबाजूंना दहा-दहा चंक (जगाचे १६ गुणिले १६ ठोकळ्यांचे तुकडे) आणि मधला एक, असे २१ गुणिले २१, एकूण ४४१ चंक. तिघं एकत्र असाल तर ते एकमेकांवर पडतात; तीन दिशांना गेलात की १३२३ होतात. व्ह्यू-डिस्टन्स ६ केलात तर एका खेळाडूमागे १६९ आणि तिघांचे मिळून ५०७. सिम्युलेशन-डिस्टन्स त्याहून जास्त छळतो, कारण प्राणी, शेती, यंत्रं सगळं त्या अंतराच्या आत जिवंत असतं. तो ५ करा. खेळात फारसा फरक जाणवणार नाही, सर्व्हरला मात्र मोकळा श्वास मिळेल.

तरीही कोणी नव्या प्रदेशात धावत सुटला की झटका बसेलच, कारण अजून नसलेली जमीन घडवणं हे सर्व्हरचं सगळ्यांत जड काम. वर्ल्डबॉर्डर लावून जगाची सीमा ठरवा आणि चंकीसारखं प्लगिन वापरून सीमेच्या आतली सगळी जमीन एका रात्रीत आधीच घडवून ठेवा. तुमच्या ८ जीबीपैकी ४ जीबी जावाला द्या, म्हणजे सुरू करण्याच्या आज्ञेत एक्सएमएक्सपुढे ४जी. सगळी रॅम देऊन टाकू नका. ऑपरेटिंग सिस्टिमलाही जगायचं असतं आणि फाइली पटकन हाताशी ठेवायला ती रिकामी रॅमच वापरते.

पहिल्यांदा सर्व्हर आपोआप का बंद पडला हे तुम्ही निस्तरलंत म्हणता, पण बाकीच्या वाचकांसाठी एका ओळीत सांगते. पहिल्या वेळी तो ‘यूला’ नावाची छोटी मजकूर-फाइल तयार करून थांबतो. तिच्यातलं ‘फॉल्स’ खोडून ‘ट्रू’ लिहिलं, म्हणजे अटी मान्य केल्या, की पुढे चालतो. त्यानंतरही उठला नाही तर जावाची आवृत्ती पाहा. माइनक्राफ्ट १.१८ला जावा १७ लागतं, १.२०.५ला जावा २१.

इथपर्यंतचं काम एका संध्याकाळचं आहे. ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ते पुढे आहे.

मी पाच वर्षं सात जणांसाठी सर्व्हर चालवला. पडदा फुटलेला एक लॅपटॉप, कपाटावर, नेहमी चार्जरला लावलेला. बॅकअप मी पहिल्या आठवड्यापासून घेत होते आणि त्याचा मला अभिमान होता. रोज पहाटे तीन वाजता स्क्रिप्ट चालायची आणि जगाचं अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. तीनची वेळ अशासाठी, की तेव्हा सगळे झोपलेले असतात.

सगळे झोपलेले नव्हते. आमच्यातली एक जण रात्रपाळी करायची आणि घरी आल्यावर दोन ते चार खेळायची. एकटीच. तिने समुद्राकाठी एक दीपस्तंभ बांधायला घेतला होता, दोन वर्षं चाललं होतं ते.

एका रात्री वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच दमलेली. डिस्क वाचेनाशी झाली. मी बॅकअप उतरवला, सर्व्हर लगेच उठला, सगळ्यांची घरं जागेवर होती. मग ती आत आली आणि काहीच लिहिलं नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. दीपस्तंभ उभा कापल्यासारखा अर्धा होता. उरलेल्या अर्ध्याच्या जागी हिरवी टेकडी होती, तिने दोन वर्षांपूर्वी खणायच्या आधी होती तश्शी.

कारण नंतर कळलं. माइनक्राफ्ट ३२ गुणिले ३२ चंकांची एकेक रीजन-फाइल ठेवतं आणि चालू सर्व्हर तिच्यात सतत लिहीत असतो. लिहिणं अर्धवट असताना मी फाइल उचलली, तर माझ्या हाती निम्मी जुनी, निम्मी नवी फाइल येते. अशी फाइल उघडताना जो चंक वाचता येत नाही तो सर्व्हर मूळ सीडवरून (ज्या आकड्यावरून सगळं जग घडतं त्यावरून) नव्याने घडवतो, म्हणजे कोणी पाऊल टाकण्याआधी होता तसा. बाकी सहा जणांच्या फाइली पहाटे तीनला शांत असायच्या. तिचीच फाइल नेमकी लिहिली जात असायची. मागच्या चौदा दिवसांचे चौदा बॅकअप मी एकेक करून उघडले. चौदाही तसेच.

म्हणून बॅकअप असा घ्या. सर्व्हरच्या कन्सोलवर आधी ‘सेव्ह-ऑफ’, म्हणजे तो स्वतःहून लिहिणं थांबवतो. मग ‘सेव्ह-ऑल फ्लश’, म्हणजे हातात राहिलेलं सगळं डिस्कवर उतरवतो. ते पूर्ण झाल्याची ओळ आली की फोल्डरची नक्कल करा आणि शेवटी ‘सेव्ह-ऑन’. हे शेवटचं विसरलात तर पुढचं काहीच आपोआप जतन होणार नाही, तेव्हा स्क्रिप्टमध्ये अशी सोय ठेवा की नक्कल फसली तरी ‘सेव्ह-ऑन’ चालेलच. एक नक्कल त्याच घरात, एक दुसऱ्या मित्राच्या घरी. आणि महिन्यातून एकदा एखादा बॅकअप दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडून, त्या जगात चालून या. प्रत्येकाच्या दारापर्यंत जा. मी चौदा बॅकअप ठेवले होते आणि एकदाही चालून आले नव्हते.

सर्व्हर बंद करतानाही खिडकीची फुली दाबू नका किंवा प्रोसेस मारू नका. ‘स्टॉप’ लिहा, तो सगळं जतन करून जातो. लिनक्सवर सिस्टिमडीची सर्व्हिस करून ठेवली तर संगणक चालू झाला की सर्व्हर आपणहून उठतो. बायोसमध्ये वीज परत आल्यावर संगणक सुरू व्हावा अशी सोय असते, तीही चालू करा. जमलं तर एक छोटा यूपीएस लावा. रॅम घ्यायला काढलेले पैसे तिकडे वळवा.

सर्व्हरसाठी वेगळा वापरकर्ता करा. रूट, म्हणजे संगणकावरचे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून तो कधीही चालवू नका. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत एक भोक सापडलं. त्यातून माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ठरावीक ओळ टाइप केली, तरी ती वाचणाऱ्या सर्व्हरवर बाहेरच्याला स्वतःचा प्रोग्रॅम चालवता येत होता. १.१८.१ या आवृत्तीत ते बुजवलं गेलं. त्या वेळी ज्यांचा सर्व्हर रूट म्हणून चालत होता त्यांच्या अख्ख्या संगणकाच्या किल्ल्या चॅटच्या खिडकीत टांगलेल्या होत्या. व्हाइटलिस्ट, म्हणजे आत येऊ शकणाऱ्यांची यादी, चालू ठेवा. ऑनलाइन-मोड ‘ट्रू’च राहू द्या, तो बंद केला तर सर्व्हर खेळाडूची ओळख पडताळत नाही आणि कोणीही तुमचं नाव लावून तुमचे अधिकार घेऊन आत येऊ शकतो. आरकॉनचं (सर्व्हरला दुरून आज्ञा देण्याच्या सोयीचं) २५५७५ पोर्ट राउटरवर कधीच उघडू नका.

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी वर्गातल्या मैत्रिणींसाठी घरच्या संगणकावर सर्व्हर काढायचा म्हणते. मला यातलं काही कळत नाही. परवानगी देऊ का?

उत्तर : द्या. पण तिच्याबरोबर बसून द्या.

थेट पोर्ट उघडून सर्व्हर काढला तर तुमच्या घराचा आयपी पत्ता प्रत्येक मैत्रिणीकडे जातो, तिथून तो भांडणाच्या भरात कोणाकडेही जाऊ शकतो, आणि पत्ता हाती असला की घराचं इंटरनेट रहदारीने गुदमरवणं फार अवघड नसतं. म्हणून वर सांगितलेलं खाजगी जाळं इथे सक्तीचं समजा. व्हाइटलिस्टमध्ये फक्त प्रत्यक्ष ओळखीच्या मुली. सगळे अधिकार तिच्या एकटीकडे नकोत, आणखी एका मैत्रिणीकडेही असू द्यात. बाहेर काढण्याचा निर्णय दोघींनी मिळून घ्यायचा, असा नियम पहिल्या दिवशी तिच्याकडूनच लिहून घ्या. लॉगमध्ये चॅट साठतं हे सगळ्या मुलींना आधीच सांगा. नंतर कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

तुम्हाला कळत नाही म्हणता, तर तिलाच समजावून सांगायला लावा. सांगता सांगता ती कुठे अडते ते तिचं तिलाच दिसेल.

प्रश्न : व्हॅलहाइम या खेळाचा सर्व्हर स्टीमसीएमडीने (स्टीमचं सर्व्हर उतरवून घ्यायचं साधन) उतरवला. कधी तो उठतच नाही, कधी उठतो पण आमचं जुनं जग नसतं, नवंकोरं असतं. जुनं पुसलं गेलं का?

उत्तर : बहुधा नाही. धीर धरा आणि कशावरही काही लिहू देऊ नका. सर्व्हर आत्ता बंद करा.

व्हॅलहाइमचं जग दोन फाइलींत असतं, एक डीबी आणि एक एफडब्ल्यूएल, दोघींचं नाव एकच. सुरू करण्याच्या आज्ञेत जगाचं जे नाव दिलंय त्या नावाची फाइल सर्व्हरला त्याच्या फोल्डरमध्ये सापडली नाही, तर तो तक्रार न करता त्या नावाचं नवं जग घडवतो. तुम्ही बहुधा जुन्या फाइली खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवल्यात आणि सर्व्हर दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतोय, म्हणून तो दुसरीकडेच शोधतोय. दोन्ही फाइली मिळून योग्य जागी न्या, नाव अक्षरनअक्षर जुळवा. लिनक्सला इंग्रजीची लहान आणि मोठी अक्षरं वेगळी दिसतात.

न उठण्याचं कारण पासवर्ड असू शकतं. तो किमान पाच अक्षरांचा हवा आणि सर्व्हरच्या नावात आलेला नसावा. उघडायची पोर्टं २४५६ आणि २४५७, दोन्ही यूडीपी (टीसीपी आणि यूडीपी हे माहिती पाठवण्याचे दोन वेगळे प्रकार). इथे बरेच जण फसतात, कारण पोर्ट उघडं आहे का हे सांगणाऱ्या बहुतेक साइट फक्त टीसीपी तपासतात आणि ‘बंद’ म्हणून मोकळ्या होतात. फॅक्टोरिओचं ३४१९७ आणि माइनक्राफ्ट बेडरॉकचं १९१३२ही यूडीपीच. बंद करताना कंट्रोल-सी, आणि जतन होईपर्यंत थांबा.

प्रश्न : आमचा सर्व्हर चार वर्षं चालला. आता दोघंच येतात. बंद करायचं ठरवलंय, पण मन होत नाही. कसं करावं?

उत्तर : तारीख ठरवा आणि महिनाभर आधी सगळ्यांना कळवा, जे दोन वर्षांत फिरकले नाहीत त्यांनाही. ते येतील. शेवटच्या रात्री सर्व्हरवर गर्दी होईल, व्ह्यू-डिस्टन्स आधीच कमी करून ठेवा.

मग ‘स्टॉप’, आणि जगाचं फोल्डर प्रत्येकाला द्या. माइनक्राफ्टचं असेल तर ते खेळाच्या सेव्ह्ज फोल्डरमध्ये टाकलं की एकट्यालाही उघडता येतं. पेपर या प्लगिन चालवणाऱ्या सर्व्हरने नेदर आणि एंड (खेळातली दोन वेगळी विश्वं) वेगळ्या फोल्डरांत ठेवले असतील तर ते मूळ जागी हलवावे लागतील, ते काम तुम्हीच करून मग वाटा. सोबत एका साध्या मजकूर-फाइलमध्ये खेळाची नेमकी आवृत्ती आणि वापरलेल्या मॉड्सची नावं लिहा. नव्या आवृत्तीत उघडलेलं जग परत जुन्या आवृत्तीत जात नाही, म्हणून एक नक्कल कधीही न उघडता ठेवायला सांगा.

जग कोणा एकाकडेच राहू नये, इतकंच बघा. ३१ मे २०१४ला गेमस्पायची, खेळाडूंना सर्व्हर शोधून देणारी सेवा बंद झाली तेव्हा कितीतरी जुन्या खेळांची ऑनलाइन दारं एकाच दिवशी लागली. ज्या खेळांचा डेडिकेटेड सर्व्हर लोकांच्या हातात होता, त्यांच्यासाठी चाहत्यांनी सर्व्हरांची यादी दुसरीकडे उभी केली आणि खेळ चालू राहिला.

आम्ही आमचा बंद केला तेव्हा सात नकला वाटल्या. कापलेला दीपस्तंभ त्या सातही जगांत आहे. आम्ही सगळे मिळून तो पूर्ण करायला निघालो होतो, पण तिने करू दिला नाही. त्याच्या शेजारी तिने दुसरा बांधला, आणि मी बॅकअपची वेळ पहाटे पाचची केली.